पंधरा तारखेचा ऊस

गोदाकाठच्या एका साखर कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळतो. हंगामात आमची खरी परीक्षा असते पंधरवडा बिलाची. १ ते १५ आणि १६ ते महिनाअखेर, या काळात काट्यावर चढलेल्या प्रत्येक खेपेचं निव्वळ वजन त्या त्या शेतकऱ्याच्या नावावर लावायचं आणि यादी बँकेकडे पाठवायची. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला की वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज.

गेल्या हंगामात २९ डिसेंबरला सकाळी सोनपेठकडच्या एक मावशी आमच्या खोलीत आल्या. गट ऑफिसने त्यांना शेतकी खात्याकडे धाडलं होतं, शेतकीने अकाउंटला, अकाउंटने आमच्याकडे. आमच्याकडे माणसं अशीच फिरवली जातात, आणि मला त्याची चीड येते. पासबुकाच्या पिशवीतून त्यांनी चार घड्या घातलेली पावती काढली. १५ डिसेंबर, सकाळी ११ वाजून २० मिनिटं, निव्वळ वजन १७.८४० टन. वीस-बावीस गुंठ्यांचा ऊस, एकच खेप.

"लेकरा, शेजाऱ्याचं बिल पडलं. माझा ऊस तुमच्या काट्यावर चढला का न्हाई, तेवढं सांग."

पावती क्रमांक टाकला. काट्याच्या नोंदीत खेप होती, बिलात नव्हती. मग पंधरवड्याची सगळी बिल-यादी वेळेप्रमाणे लावून शेवटच्या ओळीवर गेलो: १४ डिसेंबर, रात्रीचे ११:५८:४१. पुढे एकही ओळ नाही. १५ तारखेला तर काटा दिवसरात्र चालू होता.

कारण समजायला पाच मिनिटं लागली. बिलाच्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसमधून नोंदी निवडणाऱ्या आज्ञेत, 'बिट्वीन १ डिसेंबर आणि १५ डिसेंबर' अशी अट होती. जुन्या काटा सॉफ्टवेअरमध्ये पावतीची तारीख एका कॉलममध्ये आणि वेळ दुसऱ्यात असायची, त्यामुळे वर्षानुवर्षं ही अट बरोबर चालली. या हंगामात काटा नवा आला आणि तारीख-वेळ एकाच कॉलममध्ये आली. आता नुसतं '१५ डिसेंबर' लिहिलं की डेटाबेस त्याचा अर्थ १५ डिसेंबर, रात्रीचे ०० वाजून ०० मिनिटं ०० सेकंद असा घेतो. म्हणजे दिवस उजाडायच्या आधीच अट संपते. पुढची क्वेरी १६ पासून सुरू होणार, म्हणजे १५ तारखेचा ऊस कुठल्याच बिलात येणार नव्हता. एरर नाही, इशारा नाही. बेरीजसुद्धा भरल्यासारखी दिसत होती.

हे ३० नोव्हेंबरलाच कळायला हवं होतं. पण त्या दिवशी बॉयलरची नळी फुटून गाळप बंद होतं, काट्यावर एकही गाडी चढली नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या इंजिनिअरला फोन केला. तो म्हणाला, "शेवटच्या तारखेपुढे २३:५९:५९ लावा, सर." हा उपाय मला मुळीच पटत नाही. आमच्या कॉलममध्ये सेकंदाच्या पोटातले अंशही साठतात. ५९ व्या सेकंदानंतर अर्ध्या सेकंदाने आलेली नोंद पुन्हा गळणारच. मी अट अशी केली: १ डिसेंबर किंवा त्यानंतरचं, आणि १६ डिसेंबरच्या आधीचं. 'पर्यंत' हा शब्दच नको. पुढच्या पंधरवड्याची सुरुवात हीच आधीच्याची हद्द, मग महिना ३० चा असो की ३१ चा, मध्ये फट राहत नाही.

पण कोणत्या वेळेवर अट लावायची, हा खरा पेच होता. एका खेपेला दोन वेळा असतात. भरल्या गाडीचं वजन होतं, मग गाडी गव्हाणीवर, म्हणजे गाळपासाठी ऊस उतरवतात तिथे, नंबरात उभी राहते, रिकामी होऊन काट्यावर परत येते तेव्हा दुसरी वेळ पडते. मध्ये दोन तास जातात, कधी पाच. क्वेरी रिकाम्या वजनाची वेळ धरत होती, कारण निव्वळ वजन तेव्हाच ठरतं. पावतीवर मात्र भरवजनाची तारीख छापली जाते. १५ च्या रात्री पावणेबाराला चढलेल्या गाडीची पावती १५ ची आणि बिल १६ चं. शेतकी अधिकाऱ्यांचं म्हणणं, चालतंय, पुढच्या बिलात येईल. मी हट्ट धरला की शेतकऱ्याच्या हातात जी तारीख आहे तीच बिलाची तारीख. संध्याकाळी कार्यकारी संचालकांनी सही दिली.

त्यानंतर मी गाळपाचे आणि बिलाचे आकडे पडताळायची ताळ्याची वही उघडली, आणि तिथे मला खरा धक्का बसला. आमच्याकडे गाळपाचा दिवस पहाटे ४ ते पहाटे ४ असा मोजतात, बिलाचा दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री. त्यामुळे प्रयोगशाळेचा गाळपाचा आकडा आणि बिलाचं टनेज कधीच तंतोतंत जुळत नाही, तीनचारशे टन इकडेतिकडे होतात. या पंधरवड्यात फरक तीन हजार टनांवर होता. लेखनिकाने तो बघितला होता. समोर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पुढच्या पंधरवड्यात जुळेल.' त्याला मी दोष कसा देऊ? फरकाची सवय आम्हा सगळ्यांनाच लागली होती, त्या रकान्याकडे मीही कधी बघितलं नव्हतं.

रात्री पुरवणी बिल काढलं. ज्यांच्या दहा-बारा खेपा होत्या, त्यांच्या बिलात एखादी कमी पडली होती. ज्यांची एकुलती एक खेपच १५ ला आली, त्यांचं बिलच निघालं नव्हतं. असे ६१ जण होते, सगळे थोड्या गुंठ्यांचे. विचारायला आल्या त्या एकट्या मावशी. झेरॉक्सपुरती पावती मागितली तर मशीनपर्यंत त्या माझ्यासोबत चालत आल्या, आणि कागद बाहेर येताच मूळ पावती पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या साठ जणांना फोन लावत बसलो. पाथरीकडचे एक काका शांतपणे म्हणाले, "पुढच्या बिलात येईल म्हणून गप होतो, साहेब."