आत्याचा डबा: काय मोडलं, काय विकलं, काय अजून विकायचं आहे

माईआत्या गेली त्याला येत्या ज्येष्ठात दोन वर्षं होतील. गिरगावातल्या चाळीत तिने सगळा संसार केला. मूलबाळ नव्हतं. मृत्युपत्र तिने स्वतःच्या हाताने, वहीच्या कागदावर लिहिलं होतं, खाली दोन शेजाऱ्यांच्या साक्षीदार म्हणून सह्या. दागिन्यांबद्दल त्यात एकच ओळ: "विकून चौघा भाचरांत सारखे वाटा, भांडू नका." मी थोरली आणि मुंबईतच राहणारी, म्हणून काम माझ्याकडे आलं. त्या कामात वर्ष गेलं. ज्यांच्या घरात असाच एखादा डबा आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. शिवाय डब्यातली एक वस्तू अजून विकायची आहे, तेही शेवटी सांगते.

लॉकरमधून स्टीलचा साधा डबा निघाला. आत मलमलीच्या पुरचुंड्या आणि प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. पाटल्यांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं: "३ तो. ११ मा. ४ गुं." तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज दुकानात सरसकट म्हणतात तो दहा ग्रॅमचा नव्हे. हिशेब केला तर ४६.१७ ग्रॅम होतात. माझ्या घरच्या छोट्या काट्यावर ४६.०२ भरले. मधल्या चाळीस वर्षांत आत्याच्या हातावर दीडशे मिलीग्रॅम सोनं झिजलं. कणीक मळताना, भांडी घासताना, लोकलच्या दांड्याला धरताना.

आधी माझी चूक सांगते, कारण ती कुणी पुन्हा करू नये असं मला मनापासून वाटतं. ऑफिस सुटल्यावर, स्टेशनजवळचं आहे म्हणून, मी एका दुकानात तन्मणी दाखवायला नेला. हा तन्मणी माझ्या पणजीचा, म्हणजे शंभर वर्षांच्या पलीकडचा. बारीक मोत्यांचे सर आणि मध्ये कुंदनात बसवलेलं खोड, म्हणजे पदक. काउंटरवरच्या माणसाने तो उलटापालटा केला आणि मी काही बोलायच्या आत कात्रीने दोरा कापला. "मोती काढल्याशिवाय सोन्याचं वजन कसं कळणार?" मोती काचेवर सांडले, काही घरंगळत खाली गेले. खोडाचं सोनं जेमतेम नऊ ग्रॅम भरलं. मोती त्याने कागदाच्या पुडीत घालून परत दिले, "याला काही येत नाही" म्हणून. आधी मी ते मोजलेही नव्हते. किती हरवले ते आता कधीच कळणार नाही. घरी येऊन मोजले, तर एकशे त्रेचाळीस होते. त्या रात्री मी जेवले नाही.

म्हणून सगळ्यात आधी घरी बसून मोजा. प्रत्येक दागिन्याचे पुढून, मागून आणि फाश्याजवळून फोटो काढा, मोती आणि खडे मोजून लिहा, वजन करा. शतांश ग्रॅम दाखवणारा काटा स्वस्तात मिळतो. दुकानात शिरताना पहिलं वाक्य एवढंच: "दोरा कापायचा नाही, घासायचं नाही, विचारल्याशिवाय काही करायचं नाही."

त्याच दुकानदाराने पाटल्यांकडे बघून "जुनं सोनं, ८० टक्के धरू" असं सांगितलं होतं. मी तिथून निघाले आणि पुढच्या आठवड्यात सुट्टी टाकून झवेरी बाजारात गेले. मुंबादेवीच्या आसपासच्या गल्ल्यांत गलाईची दुकानं आहेत. सोनं-चांदी गाळून देणारी ही माणसं बहुतेक आपल्या सांगली जिल्ह्यातली, विटा, खानापूर, आटपाडीकडची. दुष्काळी भागातून बाहेर पडून त्यांनी हा धंदा देशभर नेला. मी गेले ते दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, भिंती काजळलेल्या. मालक साठीचे काका, विट्याकडचे.

"समोरच गाळतो ताई, नजर हलवू नका," ते म्हणाले.

मुशीत पाटल्या ठेवल्या, वर चिमूटभर टाकणखार टाकला आणि भट्टी पेटवली. थोडा वेळ पाटल्या नुसत्या लाल दिसत होत्या. मग एकदम कड सुटली, त्यांवरची नक्षी गेली आणि मुशीच्या तळाशी एक थरथरता गोळा उरला, मध्ये पिवळा आणि कडेला हिरवट झाक असलेला. तो लोखंडी साच्यात ओतला आणि पाण्यात सोडला तेव्हा चर्र झालं. लगड ४५.६० ग्रॅमची निघाली. मशिनवर टंच, म्हणजे शुद्धतेची टक्केवारी, लागला ८९.६. म्हणजे निव्वळ सोनं ४०.८६ ग्रॅम. "८० टक्के धरू" म्हणणाऱ्याच्या हिशेबाने ते ३६.८२ झालं असतं. चार ग्रॅमचा फरक. दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर असताना हे चाळीस हजारांच्या पुढे जातं. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के, मग ८९.६ का? काकांनी सांगितलं की जुन्या कामात जोडाला लावलेल्या डाकाने, म्हणजे सांधणाऱ्या मिश्रधातूने, टंच उतरतो, त्यात फसवणूक नाही.

पाटल्या मोडल्या याचं मला वाईट वाटत नाही. साध्या, बाजारात हजारांनी मिळणाऱ्या घडणीच्या होत्या. प्रत्येक जुनी वस्तू जपलीच पाहिजे असं मी मानत नाही. पण काकांनी तन्मण्याचं खोड हातात घेतलं, उलटं केलं आणि माझ्या पुढे धरलं. मागच्या बाजूला, गळ्याला टेकते तिथे, हिरव्या आणि लाल मिन्याची एक वेल होती. घालणारीशिवाय जी कुणालाच दिसणार नाही, तिथे कुणीतरी पानागणिक शीर काढली होती. मी चाळीस वर्षं हा दागिना आत्याच्या गळ्यात बघितला आणि ती वेल पहिल्यांदा तिथे, त्या काजळलेल्या खोलीत पाहिली. "पाटल्या जाऊ द्या ताई, पन ह्ये मोडू नका. असं काम करनारं हात आता न्हाईत," काका म्हणाले. गाळण्यावर ज्यांचं पोट चालतं, त्या माणसाने मला हे सांगितलं.

जुने दागिने झपाट्याने का नाहीसे होताहेत, त्याचं एक कारण मला या फेऱ्यांत कळलं. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्किंग सक्तीचं झालं, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांकाशिवाय (हा प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक) सराफाला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ही फार चांगली गोष्ट आहे, 'बीआयएस केअर' ॲपवर क्रमांक टाकून खात्री करता येते. पण आपण जुना, शिक्का नसलेला दागिना दुकानात विकला, की सराफाला तो तसाच पुढे विकणं अवघड, म्हणून तो मुशीतच जातो. आपण आपला दागिना विकायला हॉलमार्क लागत नाही. कुंदन, पोलकी आणि जडावाच्या कामाला तर या सक्तीतून सूटच आहे. त्यामुळे वस्तू अखंड राहावी असं वाटत असेल, तर ती घालणारी व्यक्ती आपणच शोधायची.

मोत्यांचं वेगळंच प्रकरण. आपल्याकडे ज्यांना बसरा मोती म्हणतात ते बसऱ्याच्या समुद्रातले नसतात. इराणच्या आखातात, बहरीनच्या आसपास पाणबुडे ते काढत, आणि माल येई मुंबईत. इथेच त्यांची प्रतवारी व्हायची, इथेच त्यांना वेज, म्हणजे ओवायचं भोक, पडायचं. जपानचे कल्चर मोती बाजारात आले, पुढे आखातात तेल लागलं आणि तो सगळा धंदा बसला. म्हणून आता नैसर्गिक मोती जुन्या डब्यांतूनच निघतात. दातावर घासून खरा-खोटा कळतो, पण नैसर्गिक की कल्चर ते तसं कळत नाही. त्याला प्रयोगशाळेत एक्स-रे लागतो, कल्चर मोत्याच्या पोटात घातलेला मणी त्यात दिसतो. माझ्या एकशे त्रेचाळीसपैकी अकरा कल्चर निघाले, कधीतरी दुरुस्तीत भर घातलेले. बाकीचे एकशे बत्तीस नैसर्गिक. "याला काही येत नाही" म्हटलेले ते हेच. बडोद्याच्या गायकवाडांच्या सातपदरी हारातल्या मोत्यांची दुपदरी माळ २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ७० लाख डॉलरच्या वर गेली होती. माझे मोती बाजरीच्या दाण्यापेक्षा थोडेच मोठे, त्यांची त्या माळेशी बरोबरी नाही. पण कागदाच्या पुडीत घालून परत देण्याची ती वस्तू नव्हे.

पटवेकऱ्याकडून तन्मणी पुन्हा गाठवून घेतला. न्यू जर्सीच्या चुलतबहिणीला तो हवा होता, पण शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, ती देशाबाहेर नेता येत नाही. तिला फोनवर हे सांगताना मलाच रडू आलं. मोठ्या घराण्यांतल्या किंवा नामवंत घडणीच्या दागिन्यांचे लिलाव मुंबईत सॅफ्रनआर्ट, अस्तागुरू अशा लिलावगृहांत होतात. आमचा तन्मणी त्या तोलाचा नव्हता. शेवटी ओळखीतून एक भरतनाट्यम शिकवणाऱ्या बाई आल्या. प्रयोगशाळेचा कागद वाचून त्यांनी नऊ ग्रॅम सोन्याच्या चौपट किंमत दिली, आणि गळ्यात घालण्याआधी खोड उलटं करून ती वेल पाहिली.

एक गोष्ट मोहनमाळेबद्दल. तिचा टंच ५८ आला तेव्हा दुकानातला मुलगा पटकन "भेसळ आहे" म्हणाला. भेसळ नव्हती. आत्याचं लग्न १९६५ चं. मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. १४ कॅरेट म्हणजे ५८.५ टक्के. खूप लोकांनी गुपचूप २२ कॅरेटमध्ये करून घेतले, पण माझे आजोबा सचिवालयात कारकून होते, त्यांनी मुलीच्या लग्नातही नियम मोडला नाही. रंग किंचित तांबूस आहे. ती माळ माझ्या भावाने त्याच्या वाट्यातून पैसे वळते करून घरातच ठेवली.

आता शहरात राहून हे सगळं सांभाळायचं कसं, तेही सांगते, कारण मी दादरला दोन खोल्यांत राहते आणि तिजोरीला जागा नाही. बाजारात सकाळी अकराच्या सुमाराला जावं, गर्दी उतरलेली असते. मी भाजीच्या कापडी पिशवीत डबा आणि वर कोथिंबिरीची जुडी ठेवत असे. सोबत एक माणूस हवंच. आता मेट्रो ३ काळबादेवीला थांबते, त्यामुळे चालणं पुष्कळ कमी झालं आहे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दागिन्यांचे फोटो टाकू नका, ते कुठवर जातात सांगता येत नाही. अनोळखी गिऱ्हाइकाला घरी बोलावू नका, ओळखीच्या सराफाच्या पेढीवर भेटा, तिथे काटाही असतो. पैसे बँकेतूनच घ्या, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यानेच चालत नाही. वारशाने आलेल्या जुन्या दागिन्यांना १ एप्रिल २००१ चा बाजारभाव खरेदीची किंमत म्हणून धरता येतो, तेव्हा विकण्याआधी सीएला भेटा.

लॉकरबद्दल दोन गोष्टी मला फार उशिरा कळल्या. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त वस्तू ताब्यात घेऊन वारसांना द्यायचा असतो. आणि चोरी, आग किंवा इमारत पडली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच असते. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. विमा वेगळा काढावा. मोती प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, मलमलीत ठेवा. अत्तर, पावडर सगळं झालं की मग घाला. लाख भरलेले दागिने गरम पाण्यात किंवा दुकानातल्या सफाईच्या मशिनमध्ये अजिबात घालू नका, लाख सुटते आणि पत्रा चेपतो. भरीव सोन्याला रिठ्याचं कोमट पाणी आणि जुना मऊ ब्रश पुरतो.

आता विकायचा आहे तो कोल्हापुरी साज. आत्याच्या सासूबाईंचा, कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, घडवलेला. साजात एकवीस पानं असतात: दहा अवतारांची, आठ अष्टमंगलाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि मधलं डोरलं. यात वीस आहेत, मत्स्य नाही. माणिक मूळचं, पाचूच्या जागी हिरवी काच आहे. आत लाख आहे, म्हणून एकूण वजनावर किंमत काढू नका, मीही तशी मागणार नाही. दोन जवमणी, म्हणजे पानांमधले जवाच्या आकाराचे मणी, चेपलेले आहेत. मोडीसाठी हवा असेल तर कृपा करून विचारू नका. हरवलेलं मत्स्याचं पान नव्याने करून देणारा कारागीर गुजरीत मिळेल, मी चौकशी केली आहे.

बघायला याल तेव्हा कूर्माचं पान हातात घ्या. त्याची पाठ बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत आहे, खवले जवळजवळ पुसले गेलेत. आत्या सांगायची, तिच्या सासूबाई दुपारी पोथी ऐकताना तेवढं एकच पान अंगठ्याने चोळत बसायच्या.