इंबरची २३ए : सॉल्सबरीच्या माळावर जुन्या बसगाड्यांसोबत एक दिवस

इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील इंबर या गावात आज कोणीही राहत नाही. १ नोव्हेंबर १९४३ रोजी ग्रामस्थांना शाळेत बोलावून सांगण्यात आले, की युरोपवरील चढाईच्या तयारीसाठी अमेरिकी सैनिकांना सरावाकरिता हे गाव हवे आहे. १७ डिसेंबरपर्यंत सुमारे दीडशे माणसांनी आपापली घरे रिकामी केली. युद्ध संपले, तरी त्यांना कधीही परत येता आले नाही. आजही हे गाव लष्कराच्या ताब्यात आहे आणि वर्षातून जास्तीत जास्त पन्नास दिवस ते सामान्य लोकांसाठी खुले होते. त्यातल्याच ऑगस्टमधील एका शनिवारी वॉर्मिन्स्टर रेल्वे स्थानकाबाहेरून लंडनच्या जुन्या लाल डबलडेकर गाड्या २३ए हा मार्गक्रमांक लावून इंबरला जातात. २००९ साली बस व्यवसायातील काही मित्रांनी हा उपक्रम सुरू केला. तेव्हा लंडनच्या वाहतूक विभागाचे आयुक्त असलेले पीटर हेंडी त्यांच्यापैकी एक होत. स्वतःच्या मालकीची रूटमास्टर (लंडनची जुनी डबलडेकर) गाडी ते या दिवशी स्वतः चालवतात. हा एखाद्या मैदानावरचा देखावा नाही. रीतसर नोंदणी झालेल्या सार्वजनिक मार्गावर, वेळापत्रकाप्रमाणे, तिकीट काढून प्रवासी नेले जातात आणि जमा झालेला पैसा धर्मादाय कामाकडे जातो. जुन्या बसगाड्यांची आवड असलेल्या माणसाने हा दिवस एकदा तरी अनुभवावा, असे माझे ठाम मत आहे, कारण संग्रहालयात दोरीपलीकडे उभी असलेली बस आणि प्रवाशांनी भरून चढ चढणारी बस यांत मोठे अंतर आहे.

या वेळी माझ्यासोबत माझे काका होते. ते मुंबईत बेस्टमध्ये वाहक म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहेत. मुलांना भेटायला ते इंग्लंडला आले होते आणि येताना त्यांनी आपल्या नोकरीच्या काळातील काही छायाचित्रे एका वहीत चिकटवून आणली होती. ती सोबत घ्यावीत असा आग्रह मी धरला आणि दिवसाचा सर्वांत मोलाचा भाग त्यातूनच घडला.

लंडनहून येणाऱ्यांसाठी दोन रेल्वेमार्ग आहेत. पॅडिंग्टनहून वेस्टबरीला यावे आणि तेथे गाडी बदलून वॉर्मिन्स्टर गाठावे, हा एक. वॉटर्लूहून सॉल्सबरीला येऊन तेथून वॉर्मिन्स्टरची गाडी धरावी, हा दुसरा. वयस्कर माणसे सोबत असतील, तर आदल्या रात्री वॉर्मिन्स्टर, वेस्टबरी किंवा सॉल्सबरी येथे मुक्काम करणे सोयीचे ठरते. सकाळी पहिल्या गाड्यांनाच मोठी रांग असते. आम्ही लवकर पोहोचलो, म्हणून वरच्या मजल्यावरील अगदी पुढची बाके मिळाली आणि त्यासाठी पहाटे उठण्याचा त्रास नक्कीच सार्थकी लागला. दिवसभर कितीही वेळा चढण्याउतरण्याची मुभा देणारे एकच तिकीट असते. आम्ही गेलो तेव्हा ते प्रौढांना १० पौंडांना होते आणि मुलांकडून नाममात्र १ पौंड घेतला जात होता. रोख पैसे जवळ ठेवावेत, कारण माळावर अनेक ठिकाणी मोबाइलला सिग्नल मिळत नाही.

त्या दिवशीच्या बहुतेक गाड्या रूटमास्टर होत्या. रूटमास्टरचा पहिला नमुना १९५४ साली तयार झाला आणि १९६८ पर्यंत एकूण २,८७६ गाड्या बांधल्या गेल्या. अॅल्युमिनियमची हलकी बॉडी, पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, पॉवर स्टीअरिंग आणि मागे उघडा फलाट अशी ती रचना होती. युद्धकाळात बॉम्बफेकी विमाने बांधताना लंडन ट्रान्सपोर्टला अॅल्युमिनियमच्या कामाचा जो अनुभव मिळाला, तो या बॉडीच्या कामी आला. लंडनच्या नेहमीच्या सेवेतील शेवटची रूटमास्टर ९ डिसेंबर २००५ रोजी १५९ क्रमांकाच्या मार्गावर धावली.

तरीही माझा जीव तिच्या आधीच्या आरटी गाडीवर अधिक आहे. १९३९ साली पहिली आरटी आली, युद्धामुळे काम थांबले आणि १९५४ पर्यंत एईसी व लेलँड या दोन्ही कारखान्यांची चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) धरून या कुळातील जवळजवळ सात हजार गाड्या लंडनमध्ये दाखल झाल्या. ७ एप्रिल १९७९ रोजी बार्किंग येथील ६२ क्रमांकाच्या मार्गावर तिची सेवा संपली. एईसीचे ९.६ लिटरचे डिझेल इंजिन आणि प्रीसिलेक्टर गिअरबॉक्स ही तिची ओळख. स्टीअरिंगखालच्या लहान दांड्याने चालक पुढचा गिअर आधीच निवडून ठेवतो आणि योग्य वेळी पायाखालचे पेडल दाबून सोडतो, त्या क्षणी तो गिअर पडतो. वॉर्मिन्स्टरहून माळावर चढणारा रस्ता सुरू झाला, की गिअर बदलल्यावर इंजिनाचा खालावणारा आणि पुन्हा वर जाणारा सूर ऐकू येतो. तो ऐकायचा असेल, तर खालच्या मजल्यावर पुढच्या बाजूला, चालकाच्या केबिनमागील बाकावर बसावे. जाताना वरून दृश्य पाहावे आणि येताना खाली बसून आवाज ऐकावा, असे मी सुचवीन.

वाहकांच्या गळ्यात गिब्सन तिकीटयंत्रे होती. १९५३ पासून १९९३ पर्यंत लंडनच्या वाहकांनी ती वापरली. बाजूच्या चकत्या फिरवून भाडे व टप्पा ठरवायचा आणि हँडल फिरवले, की कोऱ्या कागदाच्या गुंडाळीवर तिकीट छापून बाहेर येते. काकांनी ते यंत्र हातात मागून घेतले, बराच वेळ न्याहाळले आणि बेस्टमधील आपल्या पत्र्याच्या पेटीविषयी, रंगीत तिकिटांच्या गठ्ठ्यांविषयी व पंचाच्या टकटकीविषयी सांगू लागले. गर्दीत वाहक कुठे आहे हे प्रवाशांना त्या टकटकीवरून कळत असे. मी इंग्रजीत सांगत होतो आणि तो वाहक मान डोलावत ऐकत होता. डबल बेल दिल्याशिवाय गाडी सुटायची नाही, हा नियम लंडनलाही होता आणि मुंबईलाही.

आमच्या मागच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ जुन्या छायाचित्रांनी भरलेला पुठ्ठ्याचा खोका मांडीवर घेऊन बसले होते. दर वर्षी ते असा खोका घेऊन येतात आणि ज्या चित्रांची माहिती त्यांच्याकडे नाही, ती सहप्रवाशांना दाखवतात. गाडी इंबरला पोहोचेपर्यंत आमच्या भोवती पाच-सहा माणसे जमली होती. छायाचित्राचे वर्ष कसे ठरवतात, हे मी तेथे नीट शिकलो आणि ज्यांच्या घरी असे खोके आहेत त्यांच्यासाठी ते येथे नोंदवून ठेवतो. सर्वप्रथम नंबरप्लेट पाहावी. ब्रिटनमध्ये नोंदणीच्या शेवटी वर्षदर्शक अक्षर लावण्यास १९६३ साली सुरुवात झाली आणि १९६५ पासून ते देशभर सक्तीचे झाले. अर्थात त्यावरून गाडीचे वर्ष कळते, चित्राचे नाही. चित्राचे वर्ष आजूबाजूला शोधावे लागते. लंडनच्या रस्त्यावर चालती ट्राम दिसली, तर चित्र जुलै १९५२ च्या सुरुवातीचे किंवा त्याआधीचे. चालती ट्रॉलीबस (डोक्यावरच्या तारांतून वीज घेणारी बस) दिसली, तर मे १९६२ च्या आधीचे. लंडन ट्रान्सपोर्टचे नाव असलेली हिरवी गाडी बहुधा १९६९ पर्यंतची असते, कारण १९७० च्या पहिल्या दिवशी शहराबाहेरची हिरवी सेवा वेगळ्या कंपनीकडे गेली. दुकानाच्या खिडकीतील किमती शिलिंगमध्ये आहेत की नव्या पेन्समध्ये, हेही भिंगाखाली पाहण्यासारखे असते, कारण ब्रिटनचे चलन १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान झाले.

मात्र गाडीच्या क्रमांकावर फार विसंबून राहू नये. लंडनच्या गाड्यांची मोठी दुरुस्ती आल्डनहॅमच्या कार्यशाळेत होत असे. तेथे आरटीची बॉडी आणि चॅसी वेगळी केली जात असे आणि काम संपल्यावर जी तयार असेल ती बॉडी जी तयार असेल त्या चॅसीवर बसवली जात असे. परिणामी १९५० आणि १९६० च्या चित्रांत एकच क्रमांक दिसला, तरी वरची बॉडी वेगळी असू शकते. सुरुवातीच्या काही बॉडींच्या पुढच्या छतात मार्गक्रमांकाची चौकट होती. ती चौकट एखाद्या नव्या क्रमांकाच्या गाडीवर दिसली, की जाणकारांची चर्चा रंगते. आमच्या भोवती ती रंगली आणि खोक्यातील एका चित्राबाबत शेवटपर्यंत एकमत झाले नाही.

मग काकांची वही उघडली. एका चित्रात खाकी गणवेशातील तरुण काका माझगावच्या बाजूला एका बसच्या पायरीवर उभे आहेत. मागे कोणतीही तारीख नाही आणि काकांनाही साल आठवत नव्हते. खोकेवाल्या गृहस्थांनी भिंगाने पाहून विचारले, की रस्त्यावर डोक्यावरून गेलेल्या या जोड तारा कसल्या आहेत? काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, “अरे, ट्रॉलीबसच्या!” मुंबईत ट्रॉलीबस १९६२ साली गवालिया टँक ते माझगाव अशी सुरू झाली आणि १९७१ मध्ये बंद पडली. ज्या वर्षी लंडनने ट्रॉलीबसला निरोप दिला, त्याच वर्षी मुंबईने तिचे स्वागत केले, ही गोष्ट त्या मंडळींना फार भावली. काका साठच्या दशकाच्या अखेरीस नोकरीला लागले होते, त्यामुळे चित्राचा काळ दोन-तीन वर्षांच्या आत आला. इतकी वर्षे घरात असलेल्या त्या छायाचित्राला आपला काळ सॉल्सबरीच्या माळावर मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे.

इंबरला उतरल्यावर चर्च पाहावे. सेंट जाइल्सचे हे तेराव्या शतकातील चर्च गावात नीट जपलेली जवळजवळ एकमेव वास्तू आहे. लष्कराने सरावासाठी बांधलेली सिमेंटची घरे, बेल इन या जुन्या पबची रिकामी इमारत आणि एका वाड्याचे अवशेष रस्त्यावरूनच दिसतात. रस्ता सोडून गवतात पाऊल टाकू नये. तेथे न फुटलेला दारूगोळा असू शकतो आणि इशाऱ्याच्या पाट्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत. मुलांचा हात धरून ठेवावा. चर्चपाशी चहा आणि केक मिळतो, पण दुपारी तेथे गर्दी वाढते, म्हणून डबा आणि पाणी बरोबर असावे. आम्ही दशम्या व लसणाची चटणी नेली होती आणि ती खोकेवाल्या गृहस्थांनाही आवडली. माळावर सावली नाही आणि वारा सतत असतो. टोपी आणि पावसाळी जाकीट, दोन्ही लागतात.

इंबरच्या पुढे मार्केट लॅव्हिंग्टन, टिल्सहेड, चिटर्न आणि न्यूझीलंड फार्म कॅम्प येथपर्यंत फाटे जातात. पूर्ण दिवस असेल तर एखाद्या फाट्याला अवश्य जावे, तेथे गर्दी कमी असते आणि चालकांशी शांतपणे बोलता येते. छायाचित्र काढणाऱ्यांनी इंबरच्या चढावर, रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबावे. तेथे एकामागून एक गाड्या येतात. परतीसाठी शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवू नये. तिच्या आधीची गाडी पकडली, तर वॉर्मिन्स्टरची रेल्वे निवांतपणे मिळते. गुडघे दुखणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की जुन्या डबलडेकरचा जिना अरुंद, उभा आणि वळणाचा असतो. काकांना आम्ही एकदाच वर नेले आणि नंतर खालीच बसवले.

ऑगस्टमध्ये येणे जमत नसेल, तर वेब्रिजजवळील ब्रुकलँड्स येथील लंडन बस संग्रहालय पाहावे. १९२९ सालची टी३१ ही गाडी तेथे आहे. १९५६ मध्ये काही हौशी तरुणांनी ती स्वतःच्या पैशाने विकत घेतली आणि लंडनची बस खासगीरीत्या जतन करण्याची सुरुवात तेथून झाली. मँचेस्टरचे वाहतूक संग्रहालय जुन्या बस आगारात आहे आणि उत्तर इंग्लंडच्या गाड्यांसाठी ते अधिक चांगले.

जुनी छायाचित्रे घेऊन जाणाऱ्यांना शेवटची सूचना. मूळ प्रत नेऊ नये, किमान ६०० डीपीआयवर स्कॅन करून छापलेली प्रत न्यावी, आणि तेथे कळलेली माहिती त्याच ठिकाणी मऊ पेन्सिलीने मागे लिहावी : मार्ग, ठिकाण, अंदाजे वर्ष आणि ते कशावरून ठरले. नेहमीचा दिवस ऑगस्टमधील तिसरा शनिवार असतो, तरी तो जाहीर झाल्याशिवाय रेल्वेची तिकिटे काढू नयेत, कारण गाव कधी खुले करायचे हे लष्कर ठरवते.