सासूबाईंची खापरपणजी आणि तिचं हळूहळू वाढणारं वय

माझ्या सासूबाईंची खापरपणजी १८५१ च्या सेन्ससमधे १९ वर्षांची आहे, १८६१ मधे २६ ची, १८७१ मधे ३४ ची आणि १८८१ मधे एकदम ४९ ची. म्हणजे पहिल्या दहा वर्षांत बाईचं वय सातने वाढलं, पुढच्या दहात आठने आणि शेवटच्या दहात तब्बल पंधराने. नवरा म्हणाला, कारकुनाने चुकीचं लिहिलं असेल. असेल की, पण लागोपाठ दोनदा आणि दोन्ही वेळा बाईच्याच फायद्याचं?

तर झालं असं की सासूबाई रिटायर झाल्या आणि त्यांना आईकडचं घराणं शोधायचं होतं. त्या इथल्याच, उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशर काउंटीतल्या, ब्लॅकबर्नजवळच्या, आईकडची सगळी माणसं कापडगिरणीतली एवढंच त्यांना माहीत. वडलांकडचं त्यांच्या चुलतभावाने आधीच काढून ठेवलेलं, कारण ते सोपं असतं, एकच आडनाव धरून मागे मागे जायचं. आईची आई, तिची आई, तिची आई असं जायचं म्हटलं की दर पिढीला आडनाव बदलतं आणि दर पिढीला एक लग्न सापडल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे म्हणा, आमच्या घरच्या वंशावळीत बायका नावालाही नाहीत, निदान इथे कुठेतरी नोंद तरी आहे. सासूबाईंना कॉम्प्युटरचा कंटाळा, मला असल्या गोष्टींचं वेड, त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं आणि खरं सांगायचं तर मी ते आनंदाने पाडून घेतलं.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंड-वेल्समधे जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. त्याच्या आधीचं सगळं चर्चच्या रजिस्टरमधे. आणि सेन्सस दर दहा वर्षांनी, घरातल्या प्रत्येकाच्या नावासकट तो १८४१ पासूनचा मिळतो. शंभर वर्षं झाल्याशिवाय बघायला देत नाहीत, १९२१ चा २०२२ च्या जानेवारीत उघडला. त्याच्या पुढे मात्र मोठा खड्डा आहे कारण १९३१ चे कागद १९४२ मधे आगीत जळाले आणि १९४१ मधे युद्धामुळे सेन्सस घेतलाच नाही.

आता लग्नाच्या दाखल्याबद्दल माझी एक कायमची तक्रार. त्यात नवऱ्याच्या वडलांचं नाव आणि धंदा, नवरीच्या वडलांचं नाव आणि धंदा, एवढंच. आईला रकानाच नाही. ही पद्धत कधी बदलली माहितीये? मे २०२१ मधे! तोपर्यंत इंग्लंडमधे मुलीच्या लग्नाच्या कागदावर तिच्या आईचं नाव नव्हतं. त्यामुळे सासूबाईंच्या पणजीचा लग्नाचा दाखला हातात आला तरी तिची आई कोण ते कळेना. मग वळसा घालून जायचं, दाखल्यातलं बापाचं नाव घ्यायचं, त्या बापाचं घर सेन्ससमधे शोधायचं, तिथे 'वाइफ' म्हणून जी आहे तिचं फक्त पहिलं नाव मिळतं, मग मुलीची जन्मनोंद काढायची. जीआरओच्या म्हणजे जनरल रजिस्टर ऑफिसच्या आताच्या ऑनलाइन इंडेक्समधे जन्मनोंदीसोबत आईचं माहेरचं आडनाव अगदी १८३७ पासूनचं दिलंय. जुन्या छापील इंडेक्समधे ते १९११ नंतरच यायचं. हा बदल झाला नसता तर मी तिथेच हात टेकले असते.

माहेरचं आडनाव मिळालं. नाव इथे लिहीत नाही, सासूबाईंच्या भावंडांना आवडणार नाही. एच अक्षराने सुरू होणारं आहे एवढं सांगते, कारण त्या एचनेच मला फार छळलं. लँकेशरची माणसं बोलताना सुरुवातीचा 'ह' खाऊन टाकतात, सेन्सस घेणारा दारात उभा राहून जे कानावर येईल ते लिहिणार, त्यामुळे १८५१ मधे हे कुटुंब सरळ ओ खाली सापडतं. आणि आपण स्क्रीनवर जे बघतो तो घरच्यांनी भरलेला फॉर्म नसतोच. १९०१ पर्यंतचे घरचे फॉर्म टिकलेच नाहीत, सेन्ससवाल्याने वहीत उतरवून काढलेली नक्कल तेवढी उरली. त्या वहीवर नंतर लंडनच्या कारकुनांनी मोजताना मारलेल्या तिरक्या रेघा असतात, बरोब्बर वयाच्या आकड्यावर, आणि ३ आहे का ८ आहे हे बघताना डोळे फुटायची वेळ येते. १९११ चा पहिला, ज्यात घरच्यांच्या हातचं अक्षर दिसतं.

लग्न शोधायला फ्रीबीएमडी नावाची साइट आहे, फुकट, सगळं व्हॉलंटियर लोकांनी टाईप केलेलं, त्यांना माझा साष्टांग नमस्कार. पण १९१२ च्या आधीच्या लग्नाच्या इंडेक्समधे जोडीदाराचं नावच नाही. फक्त माणसाचं नाव, वर्षाचा क्वार्टर, जिल्हा, व्हॉल्यूम आणि पान. ब्लॅकबर्न म्हणजे व्हॉल्यूम ८ई. एका पानावर एकापेक्षा जास्त लग्नं, म्हणजे दोन-तीन पुरुष, तितक्याच बायका आणि कोणाचं कोणाशी ते तुम्ही ठरवा. मग त्या प्रत्येक जोडीला पुढच्या सेन्ससमधे शोधायचं आणि कोण कोणाच्या घरात निघतं ते बघायचं. असं करत करत आमची जोडी मिळाली, डिसेंबर क्वार्टर १८५६.

दाखल्यावर दोघांच्याही वयापुढे 'फुल एज'. याचा अर्थ २१ पूर्ण, बस, नेमकं वय सांगायची गरजच नाही. तिची २१ कधीच उलटून गेलेली, ती तेव्हा २४ ची होती. पण तो? त्याचा बाप्तिस्मा १८३७ सालचा आहे, म्हणजे पोरगा १९ चा. २१ च्या आतल्या मुलाच्या लग्नाला आईबाप हरकत घेऊ शकत होते, त्यामुळे 'फुल एज' लिहून मोकळं होणं सोयीचं. म्हणजे एकाच कागदावर दोघेही आपापल्या कारणाने गप्प. तो मोठा झाला आणि ती लहान झाली, मधे कुठेतरी भेटले.

दाखल्याची जी कॉपी पोस्टाने येते ती नकलेची नक्कल असते, सह्यासुद्धा कारकुनाच्याच अक्षरात. खऱ्या सह्या बघायच्या तर चर्चचं मूळ रजिस्टर. त्याची इमेज मिळाली तेव्हा दिसलं, त्याने सही केलीये, वेडीवाकडी पण केलीये, आणि तिने फुली मारलीये. साक्षीदार तिची मोठी बहीण, तिचीही फुली. हे बहिणीचं लक्षात ठेवा, तिचं काम पुढे आहे.

१८६१ चा सेन्सस. नवरा २४, बायको २६, दोघंही पॉवरलूमवर विणकर आणि सगळ्यात मोठा मुलगा आठ वर्षांचा. लग्न होऊन साडेचार वर्षं आणि मुलगा आठचा! त्याच्यापुढे लिहिलंय की तो अर्धवेळ गिरणीत आणि अर्धवेळ शाळेत, ते बेकायदा नव्हतं, १८४४ च्या कायद्याने आठ वर्षांच्या मुलाला अर्ध्या दिवसाचं काम देता येत होतं. तर हा मुलगा बापाच्या आडनावाने जन्मनोंदीत कुठेच नाही. आईच्या माहेरच्या आडनावाने शोधला आणि लगेच मिळाला, १८५२, आणि जिथे आईचं माहेरचं आडनाव छापतात तिथे नुसती आडवी रेघ. ती रेघ म्हणजे लग्नाबाहेरचं मूल. मग लँकेशर ऑनलाइन पॅरिश क्लर्क्सच्या साइटवर त्याचा बाप्तिस्मा मिळाला, आई 'सिंगल वुमन', बापाची जागा रिकामी.

हे सासूबाईंना कसं सांगायचं म्हणून मी जरा घुटमळत होते. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे अशी एक तरी असणार हे मला माहीतच होतं, पुढे सांग." पुढे हे की त्या मुलाने स्वतःच्या लग्नात वडलांच्या रकान्यात सावत्र बापाचंच नाव दिलंय, धंद्यासकट. कायद्याने बरोबर होतं का माहीत नाही, पण मला तो माणूस आवडला. १९ व्या वर्षी दुसऱ्याचं चार वर्षांचं पोर पदरात घेणारा आणि त्याला आपलं आडनाव वापरू देणारा.

आता १८६१ च्या सेन्ससची तारीख बघा, ७ एप्रिल. अमेरिकेत सिव्हिल वॉर सुरू झालं १२ एप्रिलला. म्हणजे त्या रात्री घरात सगळे कामाला लागलेले, दोन पगार आणि मुलाचा थोडा, आणि पाच दिवसांनी समुद्रापलीकडे जे सुरू झालं त्याने दीड वर्षात अख्खा लँकेशर उपाशी पडला. गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा तो बंद झाला. १८६२ च्या डिसेंबरात जवळपास पाच लाख माणसं मदतीवर जगत होती. सेन्ससमधे यातलं अक्षर नाही, दुष्काळ बरोब्बर दोन सेन्ससच्या मधे बसला आणि १८७१ मधे बघाल तर सगळे परत मागावर. फक्त सेन्सस बघणाऱ्याला वाटेल या घरात दहा वर्षं काही घडलंच नाही. पण सासूबाईंच्या पणजीचा जन्म १८६२ चा, तिचा जन्मदाखला मागवला, तर बापाच्या धंद्यासमोर विणकर नाही, 'लेबरर'. आधी विणकर, नंतर विणकर, मधल्या या एकाच कागदावर मजूर. त्या एका शब्दासाठी दिलेले पैसे मला अजिबात जड गेले नाहीत.

आणि इथे माझा स्वतःचा धागा येतो. मी अकोल्याची, आजोळ खामगाव. अमेरिकेचा कापूस बंद झाल्यावर लँकेशरने धाव घेतली ती आपल्याकडे. मुंबईहून जाणाऱ्या कापसाला इथे सरसकट 'सुरत' म्हणायचे, त्यात आपला खानदेश-वऱ्हाडचा मालही आला. भाव आभाळाला टेकले, मुंबईत पैशाचा पूर आला, शेअर्सचं वेड लागलं आणि १८६५ मधे युद्ध संपताच सगळं कोसळलं. पण इथल्या कामगारांना तो 'सुरत' नको नको झालेला. आखूड धाग्याचा, कचरा भरलेला, सारखा तुटायचा आणि कामावर पैसे मिळत असल्यामुळे धागा तुटला की पगार तुटला. एक किस्सा इथे अजून सांगतात की चर्चमधे पाद्री म्हणाला देवा आम्हाला कापूस दे, तर मागून आवाज आला, "पण सुरत नको!" मी सासूबाईंना म्हटलं तुमच्या खापरपणजीने माझ्या खापरपणजोबांच्या कापसाला शिव्या घातल्या असतील. आमचे खरंच कापूस लावायचे का ते मी सिद्ध करू शकत नाही, त्यांचा सेन्सस मला कोण देणार.

असो, वयाकडे येते. १८७१ मधे नवरा ३४ आणि बायकोही ३४. दहा वर्षांपूर्वी दोन वर्षांनी मोठी होती, ते दोनही संपवले. मग तो वारला. १८८१ मधे ती विधवा, मुलीला घेऊन मोठ्या बहिणीकडे राहते, बहीण अविवाहित, माहेरचंच आडनाव (म्हणजे माझं आधीचं सगळं शोधकाम तिथे पक्कं झालं). आणि वय ४९, अगदी बरोबर. याचं उत्तर मला त्या पानाच्या एका रकान्यात मिळालं. फॉर्म भरायची जबाबदारी घरातल्या मुख्य माणसाची असते. १८६१ आणि १८७१ मधे मुख्य होता नवरा. त्याला बायकोने जे सांगितलेलं तेच त्याने प्रामाणिकपणे सांगितलं असणार, बिचाऱ्याला आपली बायको पाच वर्षांनी मोठी आहे हे कदाचित मरेपर्यंत कळलं नाही. १८८१ मधे मुख्य आहे बहीण. तिच्यासमोर कसली आलीय २६ आणि ३४!

तेव्हापासून मी कुठलाही कागद उघडला की आधी हेच बघते की हे कोणी सांगितलं. सासूबाईंच्या पणजीच्या लग्नात वारलेल्या बापाचा धंदा 'ओव्हरलुकर' लिहिलाय, म्हणजे मागांवरचा मुकादम, ज्याला लँकेशरमधे टॅकलर म्हणतात. जिवंत असताना शेवटपर्यंत विणकर होता, मेल्यावर लेकीने बढती दिली. नवऱ्याकडच्यांसमोर तेवढं चालायचंच.

सध्या गाडी १८४१ वर अडकलीये. त्या सेन्ससमधे नातं लिहीत नाहीत, १५ च्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणतात आणि जन्म कुठला तर याच काउंटीतला का, हो किंवा नाही, आणि स्कॉटलंड, आयर्लंड किंवा परदेशातला असेल तर शेवटच्या रकान्यात एक अक्षर, एवढंच. पोरगी नऊ वर्षांची, तिच्यापुढे 'वाय' म्हणजे यस, बहिणीपुढे 'वाय', आणि आईच्या पुढे शेवटच्या रकान्यात 'आय'. आय म्हणजे आयर्लंड. सासूबाई आयुष्यभर सांगत आल्या की आम्ही अस्सल लँकेशर, आणि माझे दिवंगत सासरे आयरिश लोकांवर जे विनोद करायचे त्यावर त्या मनापासून हसायच्या. आयर्लंडमधे मागे जाणं कठीण आहे, तिथले १८५१ पर्यंतचे बहुतेक सेन्सस १९२२ मधे डब्लिनच्या फोर कोर्ट्सच्या आगीत गेले, चर्चच्या रजिस्टरांवर भिस्त ठेवावी लागेल आणि त्यासाठी आधी गाव माहीत हवं. सासूबाईंनी तोपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलंय, डीएनए किट ऑर्डर केलंय, आणि चुलतभावाला अजून काही सांगायचं नाही अशी मला ताकीद दिलीये.