पोकलेनची कॅन लाईन बेंचवर: दोष मुद्दाम घालून पाहिल्याची नोंद

कॅन लाईन म्हणजे यंत्रातले इंजिन, पंप वगैरेंचे कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती दोन वायरींची जोडी; बेंच म्हणजे तिचीच यंत्राबाहेर उभी केलेली नक्कल. आधी बेंच कुठवर आलाय ते. पिळाची पिवळी-हिरवी जोडी २४ मीटर, पाच नोड (लाईनला जोडलेले कंट्रोलर), वेग २५० केबीपीएस, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध, म्हणजे टर्मिनेटर. प्रत्येक नोडची फांदी १ मीटरच्या आत. डॉइश कंपनीचे तीन पिनी कनेक्टर कळंबोलीच्या भंगारात कापलेल्या हार्नेससकट (वायरींच्या जुडग्यासकट) मिळतात. घेताना पिना हिरव्या पडल्यात का ते पाहावं, पण तसल्या दोन-तीन घ्याव्यातच. दोष घालायला त्याच उपयोगी.

वायर एवढी लांब ठेवण्यामागे कारण आहे. टेबलावरच्या दोन मीटरवर एक टर्मिनेटर काढला तरी सगळं सुरळीत चालतं आणि चुकीचा धडा मिळतो. लांब वायरवर तोच काढला की ऑसिलोस्कोपवर सिग्नलच्या कडांना लहरी दिसू लागतात.

एमसीपी२५१५ या कॅन चिपच्या स्वस्त पाट्या वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. क्रिस्टल ८ मेगाहर्ट्झचा आणि कोडमध्ये १६ लिहिलेलं असेल, तर नोड निम्म्या वेगाने बोलतो आणि चालू नेटवर्कमध्ये नुसत्या एरर फ्रेम (‘चूक झाली’ सांगणारे संदेश) टाकतो. दुसरं, पाटीवरच १२० ओहमचा जंपर असतो. पाचही जंपर लागलेले राहिले तर टोकांचे दोन धरून मीटर १७ ओहम दाखवतो. एकटा नोड जोडून ‘पाठवतच नाही’ म्हणू नका: पोच द्यायला दुसरा कोणी नसेल तर तो तीच फ्रेम पुन्हा पुन्हा पाठवत बसतो, पण बस-ऑफ होत नाही, म्हणजे लाईनवरून स्वतःला बाजूला काढत नाही.

आता मोजमाप. खऱ्या यंत्रावर बकेट जमिनीला टेकवून, लॉक लिव्हर लावून, चावी बंद, बॅटरी आयसोलेटर बंद, आणि ईसीएम (इंजिनचा कंट्रोलर) झोपायला काही मिनिटं थांबायचं. नऊ पिनी डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये सी ही कॅन-हाय, डी ही कॅन-लो. दोन्हींमध्ये ६० ओहमच्या आसपास हवेत. पुरवठा चालू असताना ओहम मोजू नका, आकडा खोटा येतो.

४० ओहम आले तर तिसरा टर्मिनेटर कुणीतरी आणून लावलाय. बहुधा नंतर बसवलेल्या जीपीएस डब्यात तो असतो. शून्याजवळ आले तर हाय-लो एकमेकींना चिकटल्यात. खरी गंमत १२० ओहमची. टर्मिनेटर गायब असला तरी १२०, मुख्य वायर मध्येच तुटली तरी १२०. मीटर या दोघांत फरक करू शकत नाही, नोडची यादी करते. चावी ऑन करून लिसन-ओन्ली मोडमध्ये, म्हणजे स्वतः काही न पाठवता, ऐका. सगळ्या नोडचे पत्ते दिसतात तर टर्मिनेटर गेलाय. पंप कंट्रोलर आणि त्याच्यापुढचे सगळे गायब, तर वायर त्याच्या अलीकडे तुटली आहे. हार्नेसचा नकाशा हातात असेल तर निम्मं काम इथेच होतं.

व्होल्टेज: रिकाम्या लाईनवर दोन्ही २.५ व्होल्ट, बोलताना हाय ३.५ कडे, लो १.५ कडे. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, म्हणून चालू लाईनवर हाय २.५ च्या थोडी वर, लो थोडी खाली, आणि दोन्हींची बेरीज ५ च्या आसपास. बेरीज हलली तर अर्थिंगकडे किंवा गळतीकडे पाहा. हाय अर्थला टेकवली की बेंच तत्काळ मेला. लो टेकवली तर चालत राहिला, कारण रिसीव्हर फक्त फरक वाचतो. म्हणजे यंत्र चालतंय म्हणून लाईन निरोगी असं धरता येत नाही.

फॉल्ट कोडबद्दल आमचं मत ठाम आहे: कोड ज्याने दिला त्याला सोडा, तो कोणाची वाट पाहत होता ते शोधा. इंजिनचा वेग पीजीएन ६१४४४ मध्ये येतो (पीजीएन म्हणजे संदेशाच्या प्रकाराचा क्रमांक). इंजिन नोडची फांदी तोडली की बाकीचे सगळे ओरडतात आणि खरा दोषी गप्प. कोडात एसपीएन सांगतो दोष कशात आहे, एफएमआय सांगतो तो कसला आहे. एसपीएन ६३९ म्हणजे पहिलं जे१९३९ (अवजड यंत्रांच्या कॅनचं मानक) नेटवर्क, एफएमआय ९ म्हणजे अपडेट वेळेवर येत नाहीत. हा कोड वाचून तो देणारा कंट्रोलर बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. डीएम१ (चालू फॉल्ट कोडचा संदेश), पीजीएन ६५२२६, दर सेकंदाला येतो. त्यात कोणता पत्ता अनुपस्थित आहे तेही लिहून ठेवा.

बेंचवर सगळ्यात कामाची निघालेली खूण पीजीएन ६०९२८, म्हणजे ॲड्रेस क्लेम. नोड जागा होताना ‘हा पत्ता माझा’ असा हा संदेश टाकतो. चालू कामात, कोणी विनंती न करता, एकाच पत्त्याचा क्लेम पुन्हा दिसला तर तो कंट्रोलर रिसेट झालाय. मग कॅन वायरी सोलत बसायचं नाही. त्याचा फ्यूज, रिले, पुरवठ्याची पिन आणि अर्थ तपासायचा. अर्थ ओहमने नव्हे, लोड असताना व्होल्टेज ड्रॉपने.

कनेक्टरचं थोडक्यात. उरण-उलवे पट्ट्यात खारी हवा, वर पावसाळा आणि प्रेशर वॉशर; रिकाम्या पोकळीत सीलिंग प्लग नसेल तर पाणी तिथूनच शिरतं. मल्टिमीटरचा जाड प्रोब पुढून घुसवला की मादी पिन कायमची फाकते आणि पुढे खड्ड्यात यंत्र हललं की संपर्क जातो. सुटी नर पिन घालून ओढून पाहा, पकड लगेच कळते. बकेटला वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी आणि ईसीएमचे कनेक्टर काढणं साईटवर हमखास राहून जातं, आणि ट्रान्सीव्हर (कंट्रोलरमधली, लाईनशी बोलणारी चिप) त्यातच जळतो.

बाकी राहिलेलं: सेल्फ मारताना २४ व्होल्टचा पुरवठा कोसळतो तो प्रसंग बेंचवर उभा करायचा आहे. एका नोडच्या पुरवठ्यात पोटेन्शिओमीटर नको, बदलणारा पॉवर सप्लाय लावून व्होल्टेज हळूहळू उतरवायचं आणि क्लेम कोणत्या व्होल्टेजला पुन्हा दिसतो ते नोंदवायचं. त्याआधी प्रत्येक नोडला वेगळा फ्यूज लागणार.