चोर्ल्याचा उतार आणि भाजीची गाडी

बेळगावचा भाजीपाला रात्री चोर्ला घाट उतरून गोव्यात जातो आणि गाड्या बहुधा रिकाम्याच परततात. माझ्या मामेभावाची अशीच एक जुनी डिझेल गाडी आहे. इंजिनाचे मोठे काम निघाल्यावर ती विजेवर चालणारी करून घ्यावी का, असे त्याने विचारले, तेव्हा मी आधी घाटाचाच हिशेब मांडला.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. मालासह ७ टन भरणारी गाडी तेवढी खाली उतरते, तेव्हा सुमारे १४ युनिट ऊर्जा मोकळी होते. डिझेलच्या गाडीत ती ब्रेक तापवण्यात आणि इंजिनाच्या रोधात वाया जाते. विजेच्या गाडीत मात्र उतारावर मोटरच जनित्र बनते आणि त्या ऊर्जेचा बराचसा भाग बॅटरीत परत जातो. त्यातली निम्मी जरी हाती लागली, तरी साडेतीन टनांची रिकामी गाडी तेवढीच उंची चढवण्यापुरती ऊर्जा, म्हणजे सुमारे ७ युनिट, जमा होते. काठोकाठ भरलेली बॅटरी ही ऊर्जा घेत नाही, पण घाटाआधीची जांबोटी आणि कणकुंबी ही गावे मागे पडेपर्यंत तिच्यात जागा झालेली असते. गोव्याहून मासळी भरून वर येणाऱ्याला मात्र हा हिशेब लागू नाही.

"दादा, इंजिन काढल्यावर ब्रेक कोण धरणार?" ही भावाची शंका अगदी रास्त होती. ब्रेक दाबायला जोर देणारा व्हॅक्यूम (निर्वात) आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप ही दोन्ही कामे इंजिनाच्या जोरावर चालतात, त्यामुळे त्यांना विजेचे स्वतंत्र पंप द्यावे लागतात. गाडी विजेवर करण्याचे किट विकणारा मोटरच्या ताकदीवर भरभरून बोलून या पंपांविषयी गप्प राहिला, तर मी तेथून उठून येईन.

८० युनिटांच्या बॅटरीचे वजन ६०० किलोच्या आसपास जाते. इंजिन, गिअरबॉक्स आणि टाकी उतरवूनही थोडा माल कमी भरावा लागेल. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकात बदलाची नोंद हवी आणि किट एआयएस-१२३ या अशा किटसाठीच्या मानकानुसार मान्यताप्राप्त हवे.

गाडी दुपारी परतते, म्हणजे चार्जिंगला आठेक तास मिळतात आणि त्यासाठी १० किलोवॅट लागतात. घरच्या सिंगल फेजवर ते भागणार नाही आणि शेतपंपाच्या मोफत विजेवर गाडी भरता येत नाही, हेही त्याला सांगावे लागले. सध्या तो थ्री फेज जोडणीच्या अर्जाची कागदपत्रे गोळा करत आहे. किटचा विषय त्यानंतर.