तुम्ही विचारलंत म्हणून: लाल-पांढरी माळ मी का ओवत नाही

पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांचा हा नेहमीचा प्रश्न. "ताई, एवढे रंग आहेत तुमच्याकडे, मग लाल आणि पांढऱ्या मण्यांची साधी माळ का नाही? कॉटनच्या साडीवर किती उठून दिसेल!" दिसेल, हे मलाही ठाऊक आहे.

मी बेळगावात शहापूरला राहते, बारीक काचमण्यांचे दागिने घरी करून विकते. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आमच्याच जिल्ह्यात. यात्रेला कोल्हापूर-सांगलीकडूनही माणसं येतात, आमच्या घरचेही जातात. याच देवीच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या मुली देवाला सोडल्या गेल्या, आणि सोडताना त्यांच्या गळ्यात बांधली जायची ती लाल-पांढऱ्या मण्यांची माळ. मुत्तू बांधला, असं म्हणतात. तो बांधला की त्या मुलीला लग्नाची वाट बंद. बहुतेक मुली गरीब दलित घरांतल्या, कित्येक तर वयातही न आलेल्या. मुंबई इलाख्यात १९३४ साली याविरुद्ध कायदा झाला. बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होतं. पुढे कर्नाटकाने १९८२चा कायदा केला. पण लहानपणी ज्यांच्या गळ्यात मुत्तू पडला त्या बायका आजही आपल्यात आहेत, बाजारात आपल्या शेजारी उभ्या राहून भाजी घेतात. तीच माळ मी मखमलीच्या डबीत घालून हौसेचा दागिना म्हणून विकायची? माझ्याच्याने होत नाही.

रंगाचा काय दोष, असं काहीजणी म्हणतात. दोष नाहीच. पण इकडची म्हातारी माणसं गळा बघून बाईची ओळख ठरवतात. काळी पोत दिसली की एक, मुत्तू दिसला की दुसरी. पुण्यात ती माळ फक्त छान दिसेल. हुक्केरीच्या एसटीत तसं होणार नाही.

लाल रंग मात्र मला फार आवडतो, आणि तो सांभाळणं सोपं नसतं. मी बहुतेक ११ नंबरचा मणी वापरते, म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटरचा. (नंबर वाढला की मणी लहान होतो, नवख्यांचा इथे हमखास गोंधळ उडतो.) जपानी मियुकीचे मणी एकसारखे येतात, पण महाग. उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरचे स्वस्त पडतात, मात्र जाड-बारीक निवडत बसावं लागतं, नाहीतर विणलेली पट्टी वाकडी जाते. लालमध्ये वरून रंग चढवलेला मणी मी घेत नाही. घामाने उडतो आणि गिऱ्हाइकाच्या गळ्याला डाग पडतात. काचेतच रंग असलेला घेते. त्याच्याशी सोनेरी मणी चांगला जमतो, काळा तर त्याहून चांगला.

कानातलं किंवा हातातलं लाल-पांढऱ्यात हवं असेल तर आनंदाने करून देते. गळ्यातलंच हवं असेल तर ओवलेली माळ नाही, लूमवर विणलेली रुंद पट्टी करते, आणि तिच्यात निळा किंवा मोरपंखी घालते. ऑर्डर देताना रंगाचा फोटो पाठवा, आणि गळ्याचं माप दोऱ्याने घ्या, टेपने घेतलेलं बऱ्याचदा चुकतं.