2,799चा शर्ट आणि काकूंची चादर

आज बऱ्याच महिन्यांनी मॉलमधल्या एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये गेलो. भाच्याच्या साखरपुड्यासाठी शर्ट हवा होता. रविवारची संध्याकाळ, आणि मजल्यावर गिऱ्हाइकांपेक्षा सेल्समनच जास्त! एक पोरगा त्याच शर्टाची घडी तिसऱ्यांदा घालत होता. शर्ट आवडला, टॅग पाहिला: 2,799. अडीच हजारांवरच्या कपड्यांना सप्टेंबर 2025पासून जीएसटी 12चा 18 टक्के झालाय, त्याखालच्यांना 5. गुपचूप परत टांगला. लग्नातला जुना आहे की, इस्त्री मारू.

तिथून बायकोची यादी घेऊन डीमार्टला. पार्किंगला जागा नाही! रांगेत पुढच्या काकू मोबाइलवर बेरीज करत होत्या. तेल, तूरडाळ, साबण ट्रॉलीत राहिले; फुलाफुलांची चादर मात्र त्यांनी काउंटरपाशी काढून ठेवली. जाताना एकदा वळून बघितलंही तिच्याकडे.

हात आखडला की माणूस शर्ट पुढे ढकलतो, डाळ नाही ढकलत. 2002 साली पवईत सुरू झालेल्या डीमार्टला म्हणून गर्दीची ददात नाही, आणि बहुतेक जागा स्वतःच्या असल्यामुळे भाड्याचा बोजाही कमी. पण किराण्यात सुटतं थोडं, चादरी-कपड्यांत जास्त. म्हणजे काकूंच्या त्या बेरजेची झळ स्वस्त दुकानालाही बसतेच. मॉलवाल्याचं तर विचारूच नका. गिऱ्हाईक येवो न येवो, भाडं, एसी, पगार चालूच.

ती चादर मी उचलली. घरी आल्यावर कळलं, तसलीच एक कपाटात आहे.